फेरारीकाका

ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत त्यांना सगळे फेरारीकाका म्हणतात. खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीवर असेल. असा एखादा काका न्यू जर्सीतही सापडतो, अटलांटातही. दुबईत तर नक्कीच असणार. मुलं मार्गी लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं, आणि 'आयुष्यात एकदा तरी' या तीन शब्दांनी घात केलेला. नवी फेरारी परवडत नाही, म्हणून जुनी घ्यायची. आमच्या काकांनी 360 मोडेना घेतली, 1999 ते 2005 या काळात निघायची ती. रंग अर्थात लाल. दुसरा रंगच घ्यायचा होता तर आपली होंडा काय वाईट होती, असं त्यांचं म्हणणं.

काका ती भन्नाट पळवत असतील असा कुणाचाही समज होईल. 3.6 लिटरचं व्ही-8 इंजिन, 400 अश्वशक्ती हे आकडे ते सांगतातही, पण पाढे म्हटल्यासारखे, भरभर, एकदाचे संपवायचे म्हणून. त्यांचा जीव अडकलाय गाडीच्या आतल्या बटणांत. कारण ती चिकट होतात.

त्या काळातल्या इटालियन गाड्यांचं हे जुनंच दुखणं आहे. फेरारी घ्या नाहीतर मासेराटी. प्लास्टिक हाताला टणक आणि स्वस्त लागू नये म्हणून त्यावर पॉलियुरेथेनचा मऊ लेप द्यायचे. हवेतला ओलावा त्या लेपाचे रासायनिक बंध हळूहळू तोडतो, उकाडा त्याला हातभार लावतो आणि उरलेलं काम आपल्या बोटांचं तेल करतं. मग खिडकीचं बटण दाबलं की बोट सुटताना चट् असा आवाज येतो आणि बोटाला काळं लागतं. गाडी वापरली तरी हे होतं, झाकून ठेवली तरी होतं. त्यात ह्यूस्टनची आखातावरून येणारी दमट हवा. काका या सगळ्याला 'हायड्रॉलिसिस' म्हणतात, आणि घरच्या माणसाला मधुमेह निघाल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणतात.

त्यांच्याकडे गेलं की चहाच्या आधी गॅरेज.

"बोट दे."

"काका, आत्ताच हात धुतलेत."

"साबण कुठला?"

उत्तर ऐकून घेऊन ते आपलं बोट धरतात, एसीच्या बटणावर टेकवतात आणि आपल्या चेहऱ्याकडे बघत राहतात. "चिकटतंय?" इथे 'नाही' म्हणायचं असतं. एका नवख्या जावयाने 'किंचित' म्हटलं होतं. त्या दिवशी जेवायला रात्रीचे साडेनऊ झाले.

साफसफाईचा विधी सोवळ्यातला. पट्टीवर ओरखडा उठू नये म्हणून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची, फोटो काढून ठेवायचे आणि मग एकेक बटण अलगद उचकटायचं. अदलाबदल होऊ नये म्हणून बटणं ठेवायची इडलीपात्रात. वरच्या ताटलीत डावी-उजवी खिडकी, मधल्या ताटलीत एसी, खालच्या ताटलीत ज्यांचा उपयोग काकांनाही ठाऊक नाही ती. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. नेलपॉलिश काढायचं द्रव मुळीच नाही. त्यातल्या अ‍ॅसिटोनने लेपासोबत बटणही विरघळायला लागतं. काळा राडा निघत राहतो, काड्यांचा ढीग वाढतो, आणि खरी कसोटी येते ती बटणावरच्या पांढऱ्या चित्रापाशी. पंख्याचं चिमुकलं चित्र. जरा जोर लागला की पंख्याचं एक पातं गायब. त्या क्षणी काका श्वास रोखतात. आपणही रोखायचा. पातं गेलंच तर पुढे सगळा लेप खरवडणं, काळ्या रंगाचा फवारा आणि नवं चित्र चिकटवणं आलं. त्यासाठीही काकांची तयारी असते. मला तर शंका आहे की पातं जावं अशी त्यांची सुप्त इच्छाच असते.

काकूंचं मत वेगळं आहे. "अहो, मिक्सरचं बटण किती वर्षं चिकट आहे, तिकडे कधी तुमची काडी फिरली नाही ती." काका म्हणतात, तो चिकटपणा फोडणीचा, त्याला हायड्रॉलिसिस म्हणत नाहीत. काकू सोड्याचं गरम पाणी घेतात, मिक्सर पुसून मोकळ्या होतात आणि इडलीपात्राची चौकशी करतात.

गणपतीत काकांचा मुक्काम गॅरेजच्या दारात. आत आरती चाललेली असते आणि हे बाहेर पहाऱ्यावर. तुपाळ मोदक खाल्लेलं एखादं पोर आत शिरून धोक्याच्या दिव्याचं बटण दाबेल ही त्यांची धास्ती. प्रसादही ते चमच्याने खातात.

आणि सचिन. 2002 साली सचिनला फियाटकडून मिळालेली फेरारी हीच, 360 मोडेना. तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून केवढं वादळ उठलं, आणि 2011 मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे कशी गेली, सारं काकांना तोंडपाठ. त्यांना फक्त एक सतावतं. मुंबईच्या त्या हवेत तिच्या बटणांचं काय झालं असेल? सचिन भेटलाच तर काका शारजाच्या खेळीबद्दल विचारणार नाहीत, हे मी लिहून देतो.

माझ्या मते ही चैन काकांना पचलेली नाही. ज्या घरात रिमोट प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर आला नाही, त्या घरातून आलेल्या माणसाला नुसतं लाल गाडीत बसून फिरणं अंगाला लागत नाही. तिच्यासाठी राबलं, नखांत काळं गेलं, की ती आपली वाटायला लागते. 'मेकॅनिकला किती दिले असते, घरीच केलं' हे वाक्य बोलता यावं यासाठी काकांनी फेरारी घेतली, असं माझं ठाम मत आहे.

मध्यंतरी काका 550 मॅरानेलो बघायला डॅलसला गेले होते. बारा सिलिंडर, इंजिन पुढे, भाव आवाक्यातला, चामडंही छान. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. काय झालं विचारलं तर म्हणाले, "अरे, त्या माणसाने सगळी बटणं आधीच करून घेतलीयेत."