पंधरा तारखेची पत्रिका

ॲडव्हान्स टॅक्स म्हणजे स्वतःच स्वतःची पत्रिका मांडणे. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त निघणार असेल, तर सरकार जूनमध्येच विचारते, मार्चपर्यंत किती मिळवाल? समोरचे नवे हॉटेल किती महिने टिकेल आणि शेजाऱ्याच्या मुलाला पगार किती, हे पुणेकर छातीठोक सांगतो. स्वतःचा आकडा विचारला की ‘बघू’. चलनात ‘बघू’चा रकाना नाही.

तेव्हा एखाद्या लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू घ्या. डावीकडे आलेले पैसे लिहा, उजवीकडे ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ म्हटलेले. उजवी बाजू भरगच्च दिसेल. हुरळू नका, निम्मी खोडा.

आता हप्ते. १५ जूनपर्यंत अंदाजी कराच्या १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चला सगळा. सगळी गंमत ‘एकूण’मध्ये आहे. सप्टेंबरात ढोलांच्या दणदणाटात पत्रिका पुन्हा मांडा, नव्या कराचे ४५ टक्के काढा, जूनचे वजा करा, उरेल ते भरा. अंदाज का बदलला, हे भरताना कोणी विचारत नाही, घरचे सोडून.

तुळशीबागेतल्यासारखी थोडी घासाघीसही चालते. जूनला १२ आणि सप्टेंबरला ३६ टक्के भरले तरी व्याज नाही. डिसेंबरात मात्र भाव एकच. सवाईच्या मांडवात विलंबित ख्याल रंगात आला असताना मांडीवर ओटीपी टाइप करणारा गृहस्थ दिसला, तर त्याला रसिकताशून्य म्हणू नका.

शेअर विकून मध्येच नफा झाला, तर तो जूनमध्ये ठाऊक असणे शक्य नव्हते हे कायद्यालाही पटते. त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत भरला की मागचे व्याज माफ.

मी यंदा उजव्या बाजूवर विसंबून जून कोरडा घालवला. एक लाखाच्या करावर १५,००० चुकले. दरमहा १ टक्का, तीन महिने, ४५० रुपये. हे बाबांना सांगितले. साठी ओलांडलेली, धंदा-व्यवसाय नाही, त्यामुळे ॲडव्हान्स टॅक्समधून ते कायद्यानेच सुटलेले.

“अंदाज कसले बांधतोस? आधी मिळव,” म्हणाले आणि पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले. एक वाजला होता.