पंपाला उपरणं

जुनी गाडी सुरू होत नसेल तर माझ्यासारखा सल्लागार पंचक्रोशीत मिळणार नाही. किल्ली फिरवल्यावर नुसतं टकटक वाजलं, तर बॅटरी उतरली किंवा टर्मिनलवर पांढरट-हिरवी पावडर चढली. स्टार्टर गरगर फिरतोय पण इंजिन पेटत नाही, तर पेट्रोल नाही, नाहीतर ठिणगी नाही. एका चहावर मी हे कुणालाही सांगतो. चहा न पाजताही सांगतो.

माझी स्वतःची गाडी १९८८ची प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. भाचीचं लग्न वाईला, महिना मे, आणि नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, म्हणजे माझा. खंबाटकी चढून गेल्यावर इंजिनाला जरा विसावा म्हणून रसवंतीपाशी थांबलो. रस पिऊन किल्ली फिरवली. स्टार्टर गरगर, पुढे काही नाही.

बॉनेट उघडून मी बायकोला पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांची सोयरीक समजावू लागलो. प्लग काढताना बोट भाजलं. बॉडीला टेकवून पाहिला तर ठिणगी झकास.

"मग?" तिनं विचारलं.

मी कार्ब्युरेटरकडे गंभीरपणे पाहत राहिलो. त्यानं निदान रस्त्यावरच्या लोकांचा तरी गैरसमज होतो.

चरकावरचा पोरगा हात पुसत आला. "काका, पंप तापलाय. पेट्रोलची वाफ झालीय आत. ओलं फडकं टाका."

या गाडीचा पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन बंद झालं की पंखाही बंद, वाराही बंद. सगळी धग पंपात आणि नळीत. आत वाफ धरली की पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. थोडक्यात, विसावा इंजिनाला आणि ताप पंपाला.

डिकीत स्पॅनर, फ्यूज, जुने प्लग, फॅनबेल्ट, सगळं होतं. फडकं नव्हतं.

"अहो, ते उपरणं द्या की."

नवंकोरं, जरीकाठी. पोरानं ते बर्फाच्या पाण्यात बुडवून पिळलं आणि पंपाला गुंडाळलं. माझा दुसरा ग्लास संपला तोवर गाडी सुरू झाली. त्यानं पैसे फक्त रसाचे घेतले.

लग्नाच्या अल्बममध्ये मामाच्या खांद्यावर काळा पंजा स्वच्छ उमटलाय. व्याह्यांनी अदबीनं विचारलं, "तुमच्याकडे अशी पद्धत आहे का?" मी हो म्हणालो.

उन्हाळ्यात पद्मिनी घाटात घालणार असाल, तर जुनी फडकी आणि पाण्याचा कॅन आधी डिकीत टाका. आणि रसाला थांबलात तर बॉनेट उघडं ठेवा.