परत आलेला माल

इंग्लंडात एक चोखंदळ जमात आहे. सकाळी चहाबरोबर वर्तमानपत्र उघडायचं, त्यात घुसलेला एखादा अमेरिकन शब्द हुडकायचा आणि संपादकांना खरमरीत पत्र धाडायचं, हा तिचा कुळाचार. साम्राज्य गेलं तर गेलं, व्याकरण तरी ताब्यात राहावं!

या मंडळींना सर्वांत जास्त झोंबतं ते 'गॉटन'. काय हा गावंढळपणा! आता हे रूप शेक्सपियरच्या काळी इंग्लंडातच नांदत होतं, जहाजात बसून अटलांटिकपार गेलं, तिथे टिकलं आणि माहेरी मात्र विस्मरणात गेलं, हे त्यांना सांगायचं कोणी? पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणण्याची कथाही तीच. 'सॉकर' ऐकून तर रक्तदाब वाढतो. त्या शब्दाचं जन्मस्थान न्यूयॉर्क नव्हे, ऑक्सफर्ड. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९व्या शतकात 'असोसिएशन'ची मुंडी-शेपूट छाटून तो बनवला. 'ऑर्गनाइझ'मध्ये 'एस'च्या जागी 'झेड' दिसला की हेच लोक ऑक्सफर्डच्या शब्दकोशाची शपथ घालतात. तो कोश स्वतः 'झेड' छापतो.

अमेरिकन कोशकार वेबस्टरसाहेबांवरचा राग मात्र समजू शकतो. १८२८च्या कोशात त्यांनी 'कलर'मधला 'यू' खरोखरच उडवला. एका मुक्या अक्षरासाठी इतकी वर्षं सुतक पाळायचं का, एवढाच प्रश्न.

शब्द दोन्हीकडे एकच असला तर आणखी पंचाईत. दुसऱ्या महायुद्धातला किस्सा चर्चिलने लिहून ठेवलाय. ब्रिटिश अधिकारी म्हणाले, हा कागद तातडीने 'टेबल' करू, म्हणजे चर्चेला घेऊ. अमेरिकनांच्या कानी पडलं, बासनात गुंडाळू. ते हटून बसले: विषय महत्त्वाचा आहे, 'टेबल' होऊ देणार नाही! बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं, मग कळलं की दोघांचं एकमत आहे. समोर हिटलर, आणि तंटा क्रियापदाचा!

आपल्याकडेही राखणदार कमी नाहीत. रेन-मार्टिनचं इंग्रजी व्याकरण उशाशी घेऊन झोपणारे आमचे सदाशिव पेठेतले काका सध्या संतापलेत. 'प्रीपोन'सारखा देशी आगाऊपणा ऑक्सफर्डने कोशात घेतलाच कसा? त्यांनी कोशाच्या संपादकांना तीन पानी निषेधपत्र लिहिलंय. इंग्रजी अगदी अस्सल, साहेबाच्या वळणाचं. शेवटची ओळ: 'काइंडली डू द नीडफुल.'