आंघोळीची गोळी

इंग्लंडमधल्या बाथला जायचं ते रोमनांचा हौद बघायला. तिकीट काढा, कानाला यंत्र लावा आणि शेवाळाने हिरव्यागार झालेल्या कोमट पाण्याकडे भक्तिभावाने बघत उभे राहा. हात लावायचा नाही. पाण्यात घातक अमीबा निघाल्यामुळे १९७८ पासून डुंबणं बंद आहे. वरच्या गच्चीवरून रोमन पुढारी रोखून बघतात, त्यांच्याबरोबर फोटो काढायला रांग लागते. ते पुतळे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, पण हे रांगेत कुणाला सांगू नये. खरंच अंग बुडवायचं असेल तर जवळच २००६ मध्ये उघडलेला स्पा आहे. त्याचं तिकीट अर्थात वेगळं. आपल्या वज्रेश्वरीला निदान पाय तरी भाजून घेता येतात!

खायला सॅली लनचा पाव. तो डोक्याएवढा फुगलेला असतो म्हणून बहुधा अर्धाच वाढतात आणि वरचा अर्धा की खालचा, यावर माणसं गंभीरपणे चर्चा करतात.

राहायचं? रॉयल क्रेसेंटच्या तीस घरांच्या मध्यभागी हॉटेल आहे. भाडं ऐकून ब्रिस्टलची गाडी पकडावी, पंधराएक मिनिटांत पोचते.

जेन ऑस्टिन १८०१ ते १८०६ इथे राहिली. शहर तिला फारसं मानवलं नाही म्हणतात. शहराला मात्र ती भलतीच मानवली. दर सप्टेंबरात तिच्या नावाने बॉनेट-झगे चढवून लोक मिरवणूक काढतात.