दोन हजार वॅटची हवा

दिवाळीच्या सफाईसाठी २००० वॅटचा व्हॅक्युम क्लीनर घरी आला. छान. आता तो लावणार कुठे?

आपल्या हॉलमधली बहुतेक सॉकेट ६ अँपिअरची. २३० व्होल्टवर २००० वॅटचं यंत्र पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतं. त्याला गिझरसारखं १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं. ते असतं बाथरूममध्ये, ओट्यापाशी, नाहीतर एसीच्या बाजूला. धूळ असते सोफ्याखाली.

मग अडॅप्टर येतो. जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटवर चढतो, मध्ये एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळतो. थोड्या वेळात बोर्ड गरम आणि खोलीत जळका वास. घर झाडायला निघालात की पेटवायला?

हे सगळं खोक्यावरचा मोठा आकडा बघून.

वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं. धूळ किती ओढतं, ते त्यातून कळत नाही. जो जास्त जेवतो तोच जास्त राबतो, असं कुठल्या घरात पाहिलंत?

युरोपीय संघाने हा भ्रम कायद्यानेच मोडला. सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटच्या वरचे घरगुती व्हॅक्युम क्लीनर तिथल्या बाजारात आणायला बंदी झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये मर्यादा थेट ९०० वॅटवर आली. तिकडे खोलीभर गालिचे अंथरलेले असतात आणि तेही ९०० वॅटमध्ये साफ होतात. आपल्या गुळगुळीत टाइल्सना दुप्पट कशाला हवेत?

त्याच युरोपात यंत्रांवर ऊर्जेची लेबलंही लावली होती, ए, बी, सी अशी. चाचणी कशी घेत? धुळीची पिशवी रिकामी ठेवून. डायसन कंपनी याविरुद्ध कोर्टात गेली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपीय न्यायालयाने लेबलांचा तो नियमच रद्द केला. घरातली पिशवी रिकामी किती वेळ असते? पहिल्या खोलीपर्यंत.

म्हणून विचारायचं ते हे: ओढ किती किलोपास्कल? हवेचा प्रवाह सेकंदाला किती लिटर? आणि पिशवी अर्धी भरल्यावर काय होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माहितीपत्रकात असू शकतात. तिसऱ्याचं उत्तर वापरणाऱ्या शेजाऱ्याकडे असतं. त्यालाच विचारा.

रोबोवाल्यांनी तर शून्यांचा बाजार मांडलाय. खोक्यावर ‘५००० पास्कल’! ऐकायला केवढं भारी. हजार पास्कल म्हणजे एक किलोपास्कल. म्हणजे हे झाले पाच. पाइपवालं साधं यंत्र वीस किलोपास्कलच्या घरात ओढतं.

रोबो वाईट नाही. रोजची वरवरची धूळ आणि पलंगाखालचे केस तो इमानाने उचलतो. पण जुन्या घराचा उंबरठा त्याला चढवत नाही, चार्जरच्या वायरी तो गिळतो, लांब केस त्याच्या ब्रशला गुंडाळले जातात. ते केस कात्रीने कापून कोण काढणार, हे आधी ठरवा आणि मग पैसे मोजा.

आता फिल्टर. ‘हेपा’ हा शब्द हल्ली प्रत्येक खोक्यावर दिसतो. खऱ्या हेपाला प्रत असते. एच १३ प्रतीचा फिल्टर अडवायला सर्वांत अवघड अशा आकाराचे कणसुद्धा ९९.९५ टक्के अडवतो. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ या शब्दांना कसलीच प्रत नसते. दम्याचं माणूस घरात असेल तर प्रतीचा आकडा दाखवल्याशिवाय पुढचं बोलूच देऊ नका.

आणि फिल्टर उत्तम असून झाकणाची रबरी पट्टी सैल असेल तर? धूळ फिल्टरला वळसा घालून बाहेर. ती आधी दिसत तरी होती, आता थेट नाकात.

गादीचं प्रात्यक्षिक आठवतं? १९८२ साली युरेका फोर्ब्सने घरोघरी जाऊन यंत्र विकायला सुरुवात केली आणि टायवाला विक्रेता मध्यमवर्गीय बैठकीत येऊन बसला. पुढे हा प्रकार सगळ्यांनीच उचलला. विक्रेता तुमच्या गादीवर यंत्र फिरवतो, काळ्या फडक्यावर पांढरी भुकटी काढून दाखवतो आणि घरातली बाई ओशाळते. ओशाळायचं काहीच कारण नाही. कुठल्याही गादीतून भुकटी निघते. गादी मळते, एवढंच त्यातून सिद्ध झालं. यंत्र चांगलं आहे हे कुठे झालं?

गादीतले सूक्ष्म किडे हा मात्र खरा त्रास. त्यांच्या विष्ठेने शिंका आणि दमा उठतो आणि मुंबई-कोकणातली दमट हवा त्यांना मानवते. यंत्राने विष्ठा आणि धूळ निघते, पण जिवंत किडे धाग्यांना चिकटून बसतात. अभ्रे आणि चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुतल्या की ते मरतात. त्यासाठी घरातलं वॉशिंग मशीन पुरतं. गादीसाठी दहा हजार जास्त मोजू नका.

ओलं-सुकं दोन्ही ओढणारं यंत्र घ्यावं का? टेरेसचं पाणी घरात येत असेल, तर जरूर. पण पाणी ओढण्याआधी कागदी किंवा कापडी फिल्टर काढून फोमचा लावायचा असतो आणि काम झाल्यावर टाकी धुऊन वाळवायची असते. हे होणार नसेल तर आठवड्याने झाकण उघडून वास घ्या.

काय ओढू नये, हे मात्र विक्रेता सांगत नाही. रांगोळी. पिठाची सांडलवंड. रंगकाम झाल्यावर उरलेली पीओपीची पूड. ही बारीक भुकटी फिल्टरची छिद्रं बघता बघता बुजवते, हवा अडते, मोटार तापते. अगरबत्तीची राख तर कधीच नाही. तिच्यात एखादा जिवंत निखारा असतो आणि डब्यात आयता कापूस-केसांचा गोळा. रांगोळी ओल्या फडक्याने पुसा. तेवढ्याला यंत्र नको.

बिनवायरचं हलकं यंत्र सगळ्यांना आवडतं. खोक्यावर लिहिलेली साठ मिनिटं सर्वांत मंद गतीची असतात. पूर्ण जोरावर चालवलं तर दहाएक मिनिटांत बॅटरी मान टाकते. ती बॅटरी घरच्या घरी बदलता येते का आणि केवढ्याला मिळते? विचारा. बॅटरी आतच बंद असेल, तर ती संपली की यंत्रही संपलं.

पिशवीचं की बिनपिशवीचं? पिशवीला पुन्हा पुन्हा पैसे पडतात, पण धूळ न उडता कचऱ्यात जाते. बिनपिशवीचा डबा फुकटात रिकामा होतो, सगळी धूळ पुन्हा तोंडावर घेऊन. दम्याच्या घरात पिशवीच बरी. पण ती लातुरात मिळते का? रत्नागिरीत? दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणाला की समजा, पावसाळ्यापर्यंत वाट बघायची आहे.

आता खरा मुद्दा.

यंत्र चालवणार कोण?

हे यंत्र घरात कसं आलं ते जरा आठवा. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथने पहिलं मोठं यंत्र काढलं. ते घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि नळ्या खिडकीतून आत जायच्या. घरात हाताने फिरवता येईल असं विजेचं सोपं यंत्र दिलं ते अमेरिकेतल्या ओहायोमधल्या कँटन गावच्या जेम्स मरे स्पँग्लरने. तो एका दुकानात झाडलोट करायचा. गालिचे झाडताना धुळीने त्याचा दमा उसळायचा. त्याने पंख्याची मोटार घेतली, झाडूचा दांडा लावला, धूळ गोळा करायला उशीचा अभ्रा बांधला. १९०८ साली पेटंट मिळालं आणि हक्क हूवर घराण्याने घेतले.

म्हणजे हे यंत्र झाडणाऱ्या माणसाने स्वतःच्या खोकल्यावर शोधलं. आणि आपल्याकडे?

आपल्याकडे ते माळ्यावर. खोक्यात. थर्मोकोलसकट. ‘मावशींना नाही जमायचं, बिघडवतील.’

त्याच मावशी त्याच घरात कंबरेत वाकून केरसुणी मारतात. सुक्या झाडूने धूळ निम्मी उचलली जाते, निम्मी हवेत उडते. ती त्यांच्या छातीत जाते. तिथून पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. मिक्सर, वॉशिंग मशीन, इंडक्शन त्याच चालवतात ना? मग व्हॅक्युम क्लीनरमध्ये असं कोणतं शास्त्र आहे?

धुळीपासून घरात सर्वांत जास्त कोणाला वाचवायचं, तर जिचं नाक दिवसभर धुळीजवळ असतं तिला. मालकिणीच्या शिंकेसाठी एच १३ आणि मावशींसाठी नाकाला पदर?

हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. सात-आठ किलोचं यंत्र आपोआप बाद. पाइप धातूचा आणि लांब होणारा हवा, खटका दाबून छातीपर्यंत ओढता येणारा, म्हणजे वाकावं लागत नाही. तोंडाला पायाने दाबायची पट्टी हवी. दाबली की टाइलसाठी केसांचा ब्रश खाली येतो, पुन्हा दाबली की सतरंजीसाठी वर जातो. पट्टी कडक असेल तर ती कोणीच दाबत नाही आणि टाइलवर ओरखडे उठतात. चाकं रबरी हवीत. वायर बटणावर आत जाणारी हवी. डबा एका हाताने निघायला हवा.

यातलं काहीही खोक्यावर ठळक अक्षरात छापलेलं नसतं.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा मावशींना बरोबर न्या, त्या वेळेचे पैसे देऊन. पाइप त्यांच्या हातात द्या, यंत्र त्यांना उचलायला सांगा, डबा उघडायला सांगा. त्या ‘जड जातंय’ म्हणाल्या की पुढचं दाखवायला सांगा. दुकानदार म्हणेल, याच्यात वॅट जास्त आहेत, ताई. म्हणू दे.