लाल दिव्याचा कारभार

इंजिन बदलायचं म्हटलं की माणसं जमतात. चेनब्लॉक येतो, जुनं इंजिन साखळीला लोंबकळत वर जातं, कुणीतरी ‘सावकाश, सावकाश’ ओरडतं आणि ज्यानं कशालाच हात लावलेला नसतो तो घाम पुसतो. नवं इंजिन बसलं की नारळ फुटतो. पुढे आरटीओतही मान इंजिनालाच. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्याच्यासाठी, आरसी बुकात नोंद त्याची, टॉर्च मारून बघतात तो नंबरही त्याचाच. वायरींना ना नारळ ना नोंद. त्या पुढे जे काही करतात ते या अपमानापोटी करतात, असं माझं ठाम मत आहे.

आमची अँबेसेडर वडिलांच्या वेळची. तिचं १४८९ सीसीचं मूळ इंजिन शेवटी शेवटी इतकं ऑइल प्यायला लागलं की मागून येणारे लोक काचा वर करायचे. म्हणून इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन मिळवलं. नव्वदच्या दशकात कंपनीनंच ते अँबेसेडरमध्ये बसवलं होतं, तेव्हा जातकुळी जुळत होती. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात चार दारं फिरलं की बिडाचं काहीही ओतून मिळतं आणि इंजिनाची कसलीही नड भागते. मिस्त्रींनी इंजिन बसवलं, स्टार्टर मारला आणि ते एका झटक्यात सुरू झालं.

“नाद खुळा!” मिस्त्री म्हणाले.

किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागलाच नाही, हे तर सगळ्यांनी शुभच मानलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी बसली. टनाच्या वरची गाडी ढकलताना शेजारधर्माची खरी कल्पना येते.

मिस्त्रींनी हद्द आखून दिली. “इंजिन माझं. वायर त्याची.” ‘तो’ म्हणजे साठीचे वायरमन. त्यांनी टेस्ट लॅम्प दोन ठिकाणी टेकवला आणि निकाल दिला, “वायरिंग ओके हाय. बॅटरीवाल्याला इचारा.” बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे, इंजिन बसवणाऱ्याला विचारा. अर्ज फिरत फिरत पुन्हा पहिल्या टेबलावर आला.

तेव्हा शेजारचे काका उतरले. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला मनासारखी वीज नव्हती. नव्या इंजिनावरच्या अल्टरनेटरच्या पोटात थ्री-फेज तयार होते आणि डायोड तिला डीसी करून बाहेर पाठवतात, हे कळताच त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. मल्टीमीटर आला. “बंद गाडीत १२.६ पाहिजेत, चालू गाडीत चौदाच्या आसपास.” चालू गाडीत भरले १२.३. “म्हणजे हे नुसतं फिरतंय,” काका म्हणाले. “आमच्या ऑफिसात असे बरेच होते.”

पहिला दोष लगेच सापडला. जुन्या इंजिनावर डायनॅमो होता, आणि बॅटरीनंच उलट त्याला मोटरसारखा फिरवू नये म्हणून बॉनेटखाली कटआउटचा डबा. अल्टरनेटरला त्याची गरजच नाही, ते काम त्याचे डायोड करतात. पण वायरमनांनी आयुष्यभर वायर त्या डब्याकडे नेली होती, ती याही वेळी तिकडेच नेली. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटमध्येच अल्टरनेटर घातला होता, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत डब्याला वळसा घालून पोचलेली नव्हती. काकांनी बी-प्लसची जाड वायर सरळ बॅटरीकडे नेली. तरीही १२.३. मात्र ॲक्सिलरेटर जोरात दाबला की एकदम १४! तेव्हापासून रोज सकाळी गाडी सुरू करून एकदा किंचाळवायची असा शिरस्ता पडला. गल्लीतली मुलं त्यावर शाळेत वेळेवर जाऊ लागली.

मग एका रात्री स्टार्टर मारला आणि चोकच्या नॉबमधून धूर आला. मिस्त्रींनी नॉब धरला आणि सोडला. या दोन क्रियांमध्ये फारसं अंतर नव्हतं. इंजिन बसतं रबरावर, आणि रबरातून करंट जात नाही. इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची विणलेली पट्टी जुनीच ठेवली होती, ती तुटली. स्टार्टर शेकडो अँपियर ओढतो. त्यांना परतीची वाट हवीच, ती त्यांनी चोकच्या तारेतून काढली. नवी पट्टी पडली. इंजिन की वायर, पट्टी कुणाच्या हद्दीत येते यावर एक चहा झाला.

आता राहिला दिवा. होल्डरमध्ये बल्बच नव्हता. “फ्यूज झालता, काढला,” वायरमन म्हणाले. “दिवा न्हाई म्हणून चार्जिंग थांबतंय व्हय?” त्यांच्या जागी ते बरोबर होते. डायनॅमो आपल्या अंगच्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर जागा होतो. तिथं दिवा म्हणजे गावचा दवंडीवाला: बातमी द्यायची, कारभारात पडायचं नाही. अल्टरनेटरच्या राज्यात तोच दवंडीवाला कारभारी होतो. किल्ली फिरवली की त्या दोन-सव्वादोन वॅटच्या बल्बातून जो थोडा करंट जातो, तोच आतल्या रोटरला चुंबक करतो. तो नसेल, तर गाडी किंचाळवावी लागते.

हे पटवून दिल्यावर वायरमनांनी मधला मार्ग काढला. दिव्याची कटकट नको म्हणून दिव्याची वायर त्यांनी थेट इग्निशनला जोडली. मीटरवर १४.२! टाळ्या पडल्या. मी किल्ली बंद केली. गाडी चालूच.

किल्ली काढून खिशात घातली, तरी चालू. अल्टरनेटर आता त्याच वायरीतून उलटा इग्निशन कॉइलला वीज पुरवत होता. त्याला मालकाची गरज उरली नव्हती. मिस्त्री पहिल्यांदाच गप्प झाले. शेवटी टॉप गिअर टाकून, ब्रेकवर उभा राहून, क्लच सोडून तिला दमवून बंद केलं. काकांनी मात्र हा प्रयोग मुद्दाम पुन्हा करायला लावला.

बल्ब मध्ये घातला तेव्हा गोष्टी ताळ्यावर आल्या: जाताना पुरेल इतका करंट जाऊ देतो, परतताना गाडी चालेल इतका येऊ देत नाही. आधी वायरमनांनी “कायम टिकंल” म्हणून एलईडी लावून पाहिला. तो सुंदर लागला. त्यातून इतका किरकोळ करंट गेला की अल्टरनेटरची झोप काही मोडली नाही. मग साधा, तारेचा, पिवळट बल्ब आला.

“आल्टरनेटरला बल्ब लागतोच,” वायरमन हल्ली दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगतात, “म्या पयल्यापासनं बोंबलतोय.” इंजिन पहिल्यापासून ओके होतं, असं मिस्त्रींचं म्हणणं आहे, आणि ते खोडून काढता येत नाही.

परवा पंपावर पेट्रोल भरून झाल्यावर किल्ली फिरवली. पोरानं खिडकीतून डोकावून डॅशबोर्ड पाहिला. “सायेब, लाल दिवा लागलाय. काढून टाका की त्यो, बॅटरी खातोय.”

मागचं दार उघडून काका मल्टीमीटर घेऊन खाली उतरले.