सातवीत अडकलेले काका

नागपुरात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की सुरेश भट सभागृह, दोन की-बोर्ड, एक ऑक्टोपॅड आणि किशोरकुमारची गाणी. त्यामुळे मुंबईला एनसीपीएत सिम्फनी ऐकायला म्हणून विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढलं, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, ‘‘गाते कोण बावा तिथं?’’ कुणीच नाही म्हटल्यावर त्यांना माझी कीव आली.

जाणकारांनी बजावलंय : सिम्फनीचे बहुधा चार भाग. मधेच टाळी वाजवलीस तर अडाणी ठरशील. शेवटी मात्र हात दुखेस्तोवर वाजव, तरच जास्तीचा एखादा तुकडा पदरात पडेल. थोडक्यात, भाजीवरची कोथिंबीर. फक्त उभं राहून मागायची.

गंमत अशी की, ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात बीथोव्हनची सातवी सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोत्यांनी दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवून घेतला. बालगंधर्वांच्या पदांना ‘वन्समोअर’ देणाऱ्या आपल्या आजोबांची कुळी तीच! हौस आधीची, शिष्टाचार मागाहून आला.

तरी मी गप्पच बसणार. काकांना मात्र सोबत नेत नाही. त्यांना सातवी आवडली, तर वादकांना ते आठवीत जाऊच द्यायचे नाहीत.